सहाशेपैकी एक

बॅलाक्लाव्हाच्या लढाईवर कविता लिहिताना इंग्रज कवी टेनिसनला सहाशे घोडेस्वार दिसले. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसला त्यांतला एकच दिसला. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातल्या त्या खोऱ्यात ब्रिटिशांची लाइट ब्रिगेड एका गोंधळलेल्या हुकमापायी थेट रशियन तोफांवर चालून गेली आणि कापली गेली. हुकूम चुकला असेल, पण शिपाई चुकले नाहीत, त्यांना मुजरा करा, असा टेनिसनचा सूर आहे. आयर्न मेडनच्या १९८३ सालच्या 'पीस ऑफ माइंड' अल्बममधल्या 'द ट्रूपर'मध्ये मुजरा करायला आसपास कुणी नाहीच. एक साधा घोडेस्वार समोरच्या रशियन शिपायाशी बोलतोय. तू मला मारशील, मी तुला मारीन, एवढाच त्यांचा व्यवहार. आधी घोडा पडतो, मग हा. शेवटी तिथेच मातीत पडून राहतो, आणि त्याच्यासाठी टिपं गाळायलाही कुणी येत नाही. चार मिनिटं दहा सेकंदांत सगळं आटोपतं.

मेडनबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते या चार मिनिटांत मावतं. सैतान, कवट्या, आगीचे लोळ, अल्बमांच्या मुखपृष्ठांवरचा तो एडी नावाचा सडका राक्षस, हे सगळं दुकानाच्या पाटीवर. आत गेलं की भेटतो तो साधा माणूस, ज्याच्या हातात आता फार वेळ उरलेला नाही. कधी फासाच्या वाटेवर, कधी खंदकात, कधी बुडत्या जहाजावर. या माणसाला बँडने जिथे जिथे नीट धरलंय तिथे त्यांची गाणी टिकलीत, आणि जिथे तो हातून सुटलाय तिथे नुसते गिटारचे भारी सोलो उरलेत. अल्बमांची उतरंड मी या मापाने लावतो, त्यामुळे इतर मेडनवाल्यांशी माझं फारसं जमत नाही.

हॅरिस पूर्व लंडनमधल्या लेटनस्टोनचा. नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचा कट्टर भक्त. १९७५ च्या नाताळात त्याने बँड उभा केला आणि तेव्हापासून तो त्याचाच आहे. गायक, गिटारवाले, ड्रमर आले नि गेले. तो बेस गिटार वाजवतो, तारा छेडायची पिक न घेता, नुसत्या बोटांनी, आणि इतक्या जोरात की सुराबरोबर तार आपटल्याची खडखडही ऐकू येते. एक लांब ठोका, पाठोपाठ दोन आखूड, ही त्याची ओळखीची चाल. पोवाडा ऐकत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटायचं कारण नाही. डफावर थाप पडते, शाहीर उचलून थेट रणात नेतो, झीलकरी 'जी जी रं जी' करत मागून रेटा देतात. फरक असा, की शाहिराचं लक्ष सरदारावर असतं. अफझलखानाच्या वधात संभाजी कावजीने पालखीच्या भोयांचे पाय तोडले, हे एका ओळीत उरकतं आणि पोवाडा पुढे जातो. हॅरिसने त्या भोयावर गाणं लिहिलं असतं.

पहिले दोन अल्बम, १९८० चा 'आयर्न मेडन' आणि १९८१ चा 'किलर्स', पॉल डिआनोच्या आवाजातले. या काळावर जीव टाकणारा एक पंथ आहे. त्यांचं म्हणणं, नंतरचं सगळं फार सजवलेलं. डिआनोच्या गळ्यात रस्त्यावरची खरखर होती हे खरंच, आणि 'रिमेंबर टुमॉरो'मध्ये तो हळू गातो तेव्हा तर कळवळून जायला होतं. पण या दोन अल्बमांत माणसं फारशी नाहीत, अंधाऱ्या गल्ल्या आहेत. अपवाद म्हणा किंवा चाहूल म्हणा, 'फँटम ऑफ द ऑपेरा'. चाल बदलत, थांबत, पुन्हा उसळत सात मिनिटं जाणारं गाणं. हॅरिसने पुढे आयुष्यभर जे केलं त्याचा कच्चा नकाशा इथेच काढून ठेवलाय. 'किलर्स'पासून निर्माता म्हणून मार्टिन बर्च आला आणि आवाजाला धार आली. डिआनो २०२४ मध्ये गेला, त्या काळचा ड्रमर क्लाइव्ह बर त्याच्या बराच आधी, २०१३ मध्ये.

मग १९८२. सॅमसन नावाच्या बँडमधून गायक ब्रूस डिकिन्सन आदल्याच वर्षी आला होता. लंडनमध्ये इतिहासाची पदवी घेतलेला, पुढे तलवारबाजी करणारा, त्याहून पुढे विमानं उडवणारा गडी. 'द नंबर ऑफ द बीस्ट' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत काही धार्मिक मंडळींनी त्याच्या रेकॉर्डी जाळल्या. गंमत म्हणजे ज्या गाण्यावरून एवढा गहजब झाला ते गाणं हॅरिसला पडलेल्या एका वाईट स्वप्नावरचं. त्यातला माणूस सैतानाला पुजत वगैरे नाही. तो जे पाहिलं त्याने हादरलाय आणि पोलिसांना कळवायला निघालाय! सैतान दिसल्यावर कायद्याकडे धाव घेणारा इतका सरळमार्गी नागरिक मेटलमध्ये दुसरा नसेल.

आमच्या घरी आक्षेप धार्मिक नव्हता. डेरेक रिग्जने काढलेल्या त्या एडीचं पोस्टर मी पलंगाच्या वर लावलं, तेव्हा आई दारातच थबकून म्हणाली, "ते मढं आधी काढ भिंतीवरून. संध्याकाळी दिवा लावते मी तिथे." मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. पुढची कित्येक वर्षं शर्ट काढताना एडी दात विचकायचा आणि आई इस्त्रीचे कपडे ठेवताना त्याच्याकडे न बघता ठेवायची.

या अल्बमचं शेवटचं गाणं 'हॅलोड बी दाय नेम'. हे मात्र जरा सावकाश सांगतो.

एक घंटा वाजते. कोठडीतला कैदी. गिटार संथ, आणि ब्रूस खालच्या पट्टीत, घाई नसल्यासारखा गातो. घाई नसणारच, कारण त्याची वेळ दुसऱ्यांनी ठरवलेली आहे. थोड्या वेळाने पाद्री येईल, मग ते घेऊन जातील. आपली वाळू संपत आली असं म्हणताना तो ओळीचा शेवटचा शब्द धरतो आणि सोडतच नाही. श्वास संपेल असं आपल्याला वाटत असताना खालून बँड धावायला लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी टेपरेकॉर्डरच्या जवळ सरकलो होतो, हे स्वच्छ आठवतंय. इथून पुढे त्या माणसाच्या डोक्यात एकामागून एक येणारे विचार आहेत: मी घाबरतोय का? मला तर मरणाची भीती नव्हती. मग घाम का फुटला? देव असेल तर तो मला का नेऊ देतोय? वाटेत कोठड्यांतून कुणीतरी हाक मारतं, देव तुझ्याबरोबर असो. शेवटी तो आपल्यालाच धीर देतो, की जीव जाईल पण मी जाणार नाही, इथलं सगळं तर एक भासच होता.

माया म्हणजे काय हे लेटनस्टोनच्या ड्राफ्ट्समनला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. फासाच्या पायरीवर माणूस आपोआप तिथे पोचत असावा.

आणि या सात मिनिटांत त्याचा गुन्हा काय ते कुठेच येत नाही. तो निर्दोष आहे असंही गाणं म्हणत नाही. कुणी भाबडा गीतकार असता तर एखादी ओळ टाकून त्याला निरपराध ठरवलं असतं आणि आपली सोय केली असती. हॅरिस ती करत नाही. खुनी असेल तर असेल, तरी त्याच्याबरोबर चालत जा.

याच अल्बममधलं 'रन टू द हिल्स' सगळ्यांना पाठ असतं, पण त्यात बोलणारा मध्येच बदलतो याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सुरुवातीला ज्याची जमीन लुटली गेली तो अमेरिकेतला मूळ रहिवासी बोलतो, आणि पुढच्या कडव्यात त्याला मारत सुटलेला गोरा शिपाई. दोघांना तोच ठेका. दुसरं कडवं ऐकताना पाय त्याच उत्साहाने हलतो आणि मग लक्षात आल्यावर जरा चोरट्यासारखं होतं. तो हेतू होता की नाही देव जाणे, पण परिणाम बेमालूम आहे.

'पीस ऑफ माइंड'पासून निको मॅकब्रेन ड्रमवर आला. त्याचं पहिलंच गाणं, 'व्हेअर ईगल्स डेअर', त्याच्या एका फटकाऱ्याने उघडतं आणि आता इथे कोण बसलंय ते कळतं. मग १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह'. इजिप्तचा थाट, मुखपृष्ठावर फॅरोच्या जागी एडी. यात 'एसेस हाय' आहे, १९४० साली जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या वैमानिकाचं. 'टू मिनिट्स टू मिडनाइट' आहे, अणुयुद्धाचं. आणि शेवटी 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', इंग्रज कवी कोलरिजची १७९८ सालची दीर्घकविता पावणेचौदा मिनिटांत. खलाशी अल्बट्रॉस पक्ष्याला उगाच मारतो, शाप लागतो, सोबतचे सगळे मरतात आणि हा एकटा जिवंत राहतो. मेडनच्या माणसांत हा वेगळा पडतो. बाकीचे मरतात, याला शिक्षा आहे ती जगण्याची आणि गोष्ट सांगत फिरण्याची.

मधोमध सगळा दणदणाट थांबतो. जहाजाच्या लाकडांचा करकर आवाज, बेसचे एकेक सुटे सूर, आणि कोलरिजच्या ओळी म्हणणारा खोल आवाज. इतक्या गजबजाटाच्या संगीतात इतकी शांतता ठेवायला धाडस लागतं. कॅसेट जुनी झाली की टेपची सरसर या भागात ऐकू यायची, आणि ती समुद्राची आहे अशी माझी पक्की समजूत होती. पुढे सीडीवर ती गेली आणि मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

हे गाणं मी प्रत्यक्ष ऐकलं ते मुंबईत. १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सचं मैदान. आदल्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर येऊन गेले होते, पण यावेळचा थाट निराळा होता. अख्ख्या जगाचा दौरा इथून सुरू होणार होता. बोइंग ७५७ विमान भाड्याने घेऊन, त्यावर एडी रंगवून, आत बँड, माणसं आणि टनावारी सामान भरून लंडनहून ते मुंबईला उतरले होते, आणि विमान चालवत होता खुद्द ब्रूस. आदल्या दिवसांत पायलटच्या खुर्चीत बसलेला माणूस आता समोर स्पीकरवर उडी मारून उभा. या दौऱ्यावर पुढे 'फ्लाइट ६६६' नावाचा माहितीपट निघाला, त्याची सुरुवात इथलीच.

कुर्ल्याहून रिक्षाने येताना जिकडेतिकडे काळे टी-शर्ट. रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवाला स्थानिक बँडांकडून मेडनची गाणी ऐकत चाळिशीकडे झुकलेले लोक होते, कॉलेजची पोरं होती, गुवाहाटी-शिलाँगहून रेल्वेने आलेले जथे होते. सुरुवातीला चर्चिलचं भाषण वाजलं, समुद्रकिनाऱ्यांवर लढू वगैरे. दौऱ्यात सगळीकडेच ते वाजायचं, 'एसेस हाय'च्या आधी. पण मुंबईच्या मैदानात हजारो पोरं चर्चिलच्या शब्दागणिक आरोळ्या ठोकताहेत हे जरा विचित्रच. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा लंडनच्या गादीवर हाच गृहस्थ होता. आणि थोड्या वेळाने 'द ट्रूपर'. त्या गाण्यात ब्रूस लाल कोट घालून युनियन जॅक फिरवतो. बॅलाक्लाव्हानंतर तीनच वर्षांनी तसले लाल कोट आपल्याकडे काय करत होते हे शाळेत शिकलेले आम्ही, गळा फाडून गात होतो. मनात हे आलं आणि मी तरीही गात राहिलो. तो झेंडा नाहीतरी मरणाऱ्या शिपायाच्या काही कामाचा नव्हता.

मग 'राइम' सुरू झालं. विसेक वर्षांनी ते ही चीज स्टेजवर आणत होते, आणि ती आमच्या वाट्याला पहिल्यांदा आली. ब्रूसच्या अंगावर चिंध्यांचा झगा, धूर, आणि मधला तो करकरता भाग. शेजारी एक जाडजूड मनुष्य सबंध वेळ हात वर करून ओरडत होता. या शांत भागात त्याने हात खाली घेतले, डोळे मिटले आणि कोलरिजच्या ओळी ओठांतल्या ओठांत म्हणायला लागला. एकही शब्द न चुकता. इंग्रजीच्या तासाला त्याने कधी अशी कविता पाठ केली असेल असं चेहऱ्यावरून तरी वाटत नव्हतं.

पुढच्या दोन अल्बमांविषयी माझं मत ऐकून मित्र चिडतात. १९८६ चा 'समव्हेअर इन टाइम' आणि १९८८ चा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन' ही बहुतेकांची दैवतं. गिटार सिंथेसायझरचा चकचकाट, मग कीबोर्ड, भविष्य जाणणाऱ्या सातव्या मुलाची सलग कथा. वाजवलंय अप्रतिम, 'इन्फिनिट ड्रीम्स' तर मीही पुन्हापुन्हा लावतो. पण माणूस विरळ होत गेलाय. 'अलेक्झांडर द ग्रेट' हे त्याचं ढळढळीत उदाहरण. साडेआठ मिनिटं सनावळी आणि जिंकलेल्या प्रदेशांची यादी, शाळेच्या पुस्तकातला धडा. सिकंदराच्या फौजेतला एखादा पाय सुजलेला, घरची आठवण काढणारा मॅसिडोनियन शिपाई हॅरिसला नेमका तेव्हाच दिसू नये? लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी ते पहिल्यांदा स्टेजवर वाजवलं. वाजवोत बापडे. 'समव्हेअर इन टाइम'मधलं माझं गाणं 'वेस्टेड इयर्स', गिटारवाल्या एड्रियन स्मिथचं. ऑगस्ट १९८४ ला पोलंडमध्ये सुरू झालेला आधीचा दौरा पुढच्या जुलैपर्यंत चालला होता आणि सगळे पार पिळून निघाले होते. त्या थकव्यातून, घर दुरावलेल्या माणसाचं हे गाणं आलं. राक्षस नाही, युद्ध नाही, आणि काळजाला जाऊन भिडतं.

१९९० चा 'नो प्रेअर फॉर द डाइंग' एसेक्समध्ये हॅरिसच्या आवारातल्या कोठारात ध्वनिमुद्रित केला. स्मिथ गेला, त्याच्या जागी जॅनिक गर्स आला. अल्बमबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चं नावाचं गाणं स्टेडियमांचं होऊन बसलंय, पण मला त्यातलं 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' जास्त महत्त्वाचं वाटतं. आखाती युद्धाच्या वेळचं. वाळवंटात हल्ल्याच्या हुकमाची वाट बघणारा शिपाई, ज्याला अनोळखी माणसांवर गोळी झाडायची भीती वाटतेय. स्वतःच्या मरणाची भीती सगळेच लिहितात.

१९९३ मध्ये ब्रूस गेला आणि वुल्फ्सबेन बँडचा ब्लेझ बेली आला. इथे बरेच चाहते डोळे मिटून १९९९ ला उघडतात. त्यांचं नुकसान. १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' हा मेडनचा सगळ्यांत काळोखा अल्बम आहे आणि माझ्या उतरंडीत फार वर आहे. तेव्हा हॅरिसचं घर मोडत होतं. ध्वनिमुद्रण कोरडं, ड्रम पोकळ, बेस अंगावर येणारा. सुरुवातीलाच 'साइन ऑफ द क्रॉस', अकरा मिनिटांचं. खर्जातला धार्मिक घोष, आणि पाप धुवायला क्रूस उंच धरून येणारे अकरा झगेवाले. ज्याच्यासाठी ते येताहेत तो बोलतोय. 'हॅलोड'मधल्या कैद्याचा हा भाऊच, पण याला शेवटी कसलाही धीर मिळत नाही. पुढे 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर', युद्धाहून परतलेल्या आणि झोप उडालेल्या माणसाचं. आणि 'द आफ्टरमॅथ': जिथे कुणी शेतकरी नांगर जोडून आपलं एवढंसं स्वप्न पेरत होता, तिथे आता काटेरी तारा आणि मस्टर्ड गॅस उगवलाय. युद्धाकडे शेताच्या बांधावरून बघणारं दुसरं मेटल गाणं मला माहीत नाही.

ब्लेझचा आवाज भरीव, खालच्या पट्टीचा. त्या गाण्यांना तसाच हवा होता, थकलेला. पंचाईत झाली स्टेजवर. ब्रूसच्या टिपेच्या पट्टीत लिहिलेली जुनी गाणी त्याला रोज रात्री गायला लावली आणि लोकांनी खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. पट्टी उतरवली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? पण हॅरिसचा हट्ट हाच या बँडचा गुण आणि हाच दोष. १९९८ च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'मध्ये त्या हट्टाचा कळस आहे. 'द एंजल अँड द गॅम्बलर'चं ध्रुवपद इतक्या वेळा येतं की आपण उठून चहा टाकावा, गाळावा, परत येऊन बसावं, तरी तेच चाललेलं असतं. त्याच अल्बममध्ये 'द क्लॅन्समन'सारखं गाणं असावं हे नवलच.

१९९९ मध्ये ब्रूस आणि स्मिथ परतले, गर्सही राहिला आणि गिटारवाले तीन झाले. २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' हे पुनरागमन म्हणून थोरच. पण २००३ चा 'डान्स ऑफ डेथ' घ्या. मुखपृष्ठ इतकं भिकार की अर्धवट कच्चं चित्र छापलं म्हणून चित्रकाराने आपलं नाव काढून घेतलं. आणि त्या आवरणाच्या आत 'पाशेंडेल'. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली बेल्जियममध्ये पावसाने चिखल झालेल्या रणांगणावरची लढाई. पुन्हा स्मिथच, हॅरिसच्या साथीने. झांजेवर बारीक टकटक, बस्स, तेवढीच सुरुवात. मग स्फोट. पुन्हा टकटक. खंदकात बसलेल्या पोराला हल्ल्याची शिट्टी वाजायची वाट बघताना असंच ऐकू येत असणार. हे गाणं लागलं की मला पाशेंडेल दिसत नाही, कूत दिसतं. त्याच महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, त्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करावी लागली तोवर लोकांची उपासमार झाली होती. सातारा-रत्नागिरीकडची पोरं. त्यांच्यावर आपण मराठीत किती गाणी केली?

२००६ चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' जवळजवळ सगळाच युद्धाचा आहे, आणि दौऱ्यात त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवला, जुन्या गाण्यांसाठी ओरडणाऱ्यांना न जुमानता. हट्ट इथे कामी आला.

माझ्या भाचीला यातलं काही माहीत नव्हतं. ती इअरफोनवर तीन-तीन मिनिटांची गाणी ऐकणारी. एकदा गाडीतून पुण्याला जाताना मी २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स'चं शेवटचं गाणं लावलं. घाट सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, "मामा, हे अजून तेच गाणं आहे?"

"तेच. अठरा मिनिटांचं आहे."

"अठरा? कशावर एवढं?"

"एका फुग्यावर."

'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' हे ब्रूसने पियानोवर बसून रचलेलं, आर-१०१ या हायड्रोजनच्या प्रचंड फुग्यावर तरंगणाऱ्या हवाई जहाजाचं गाणं. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघालं. चाचण्या पुऱ्या झालेल्या नव्हत्या, हवा वाईट होती, पण हवाई खात्याच्या मंत्र्याला, लॉर्ड थॉमसनला, भारतात जाऊन ठरल्या वेळी परत यायचं होतं. पोचायचं होतं कराचीला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे ते निघालं होतं आपल्याच इलाख्यात, आणि त्याच्यासाठी कराचीला भलीमोठी शेडही बांधून तयार होती. पहाटे दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते जमिनीवर टेकलं आणि हायड्रोजनने पेट घेतला. ५४ पैकी ४८ जण गेले. गाण्यात ड्रम आणि गिटार मोर्सच्या एसओएसचे ठोके घेतात. आणि शेवटच्या क्षणी मुख्य कॉक्सवेनने, म्हणजे सुकाणूवरच्या माणसांच्या म्होरक्याने, झोपलेल्या सोबत्यांना मारलेली हाक येते, "आपण खाली आलो रे पोरांनो," अशा अर्थाची. मंत्री होते, अधिकारी होते, पण ब्रूसने बोलायला लावलं ते या माणसाला. हा अल्बम गाऊन झाल्यावर ब्रूसच्या जिभेवर कॅन्सरची गाठ निघाली, उपचार झाले, आणि तो बरा होऊन पुन्हा गायला लागला.

भाचीने घाट उतरल्यावर विचारलं, "म्हणजे बॉसला घाई होती म्हणून सगळे मेले?" मी हो म्हटलं. तिने नोकरीला लागून सहा महिने झाले होते, त्यामुळे तिला ते लगेच पटलं. त्याच रात्री तिने मला विचारून 'पाशेंडेल' ऐकलं, आणि तेव्हापासून ती त्याला चिखलाचं गाणं म्हणते.

२०२१ चा 'सेंजुत्सू' मी मनापासून ऐकला. 'हेल ऑन अर्थ' सोडलं तर प्रत्येक गाण्यातली दोनतीन मिनिटं कात्री लावून काढावीत असं वाटलं. 'द पार्चमेंट'मधली तर पाच. निर्माता केव्हिन शर्ली हॅरिसला कधी नाही म्हणत असेल असं दिसत नाही. मार्टिन बर्च असता तर म्हणाला असता, पण त्याने १९९२ नंतरच काम थांबवलं आणि २०२० मध्ये तो गेलाही. निकोला २०२३ च्या सुरुवातीला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून उठून तो वाजवत राहिला आणि २०२४ च्या डिसेंबरात साओ पावलोला शेवटचा कार्यक्रम करून दौऱ्यांतून निवृत्त झाला. आता तिथे सायमन डॉसन बसतो.

बँडच्या पन्नाशीनिमित्त २०२५ मध्ये 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौरा सुरू झाला, आणि त्यात पहिल्या नऊ अल्बमांचीच गाणी ठेवलीत. 'फिअर ऑफ द डार्क'पाशी इतिहास संपला. म्हणजे 'साइन ऑफ द क्रॉस' नाही, हवाई जहाज नाही, 'पाशेंडेल' नाही. पंचवीस वर्षांत ज्यांनी नवं लिहून दाखवलं त्यांनीच ते बासनात बांधावं याचा मला राग आहे, आणि तो मी भेटेल त्याला ऐकवतो. भाची आता शिकायला जर्मनीत आहे. तिथल्या कार्यक्रमाची जाहिरात तिने मला पाठवली आणि खाली लिहिलं, "चिखलाचं गाणं नाहीये म्हणे यात. तरी काढू का तिकीट?"

काढ म्हटलं. पुढे उभी राहा आणि बेसवाल्याच्या बोटांकडे बघ.